बोटांकडे न बघता

“याला एक माहीत नाही म्हणे,” आत्या पडद्याकडे बघत म्हणाली. “एवढा गाजावाजा करून आणलेलं यंत्र, आणि एक माहीत नाही. दोन तरी येतो का विचारा त्याला.”

छोटे सर तिच्या खुर्चीमागे ओणवे उभे होते. पडद्यावर आत्याने लिहिलेला तिच्या आयुष्यातला पहिला प्रोग्रॅम होता. ओळी जेमतेम चार-पाच. त्यातली कामाची एकच: ए बरोबर ए अधिक एक. आणि खाली यंत्राचा निरोप, की या ओळीतली ‘एक’ ही खूण माझ्या ओळखीची नाही, आधी ती कोण ते सांगा.

“ओळ तर बरोबर दिसतेय, बाई,” सर म्हणाले. त्यांनी ती पुसली आणि स्वतः लिहिली. प्रोग्रॅम मुकाट चालला. आत्याने पुसून पुन्हा लिहिली, तर पुन्हा एक माहीत नाही. शेजारच्या खुर्चीवरून मीही लिहून बघितली. मलाही तेच उत्तर.

“तुमच्या घराण्याशी वैर आहे याचं,” सर म्हणाले.

“असेना. आमच्याशी बरेच जण वैर धरून आहेत. तुम्ही कारण शोधा.”

छोटे सर खरोखरच लहान होते, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठे असतील. त्यांनी पुस्तक आणलं, पुस्तकातली ओळ आणि पडद्यावरची ओळ बोट ठेवून ताडून पाहिली. दोन्ही सारख्या. मग ते म्हणाले, उद्या बघू. असे बरेच उद्या झाले.

आमच्या क्लासचे लाकडी पार्टिशनने दोन भाग केले होते. पलीकडे टाइपरायटरांच्या रांगा आणि दिवसभर खडखडाट. अलीकडे संगणकाची खोली. तिथे गालिचा, पडदे, थंड हवा, आणि दारात काढलेल्या चपलांचा ढीग. माणसांसाठी नाही ती थंड हवा, यंत्रांसाठी, हे मालक येणाऱ्या प्रत्येकाला अभिमानाने सांगत. पलीकडच्या भागात आत्या शिकवायची, माझ्या जन्माच्या आधीपासून. मी तिच्याच हाताखाली टायपिंग शिकले आणि पुढे तिची मदतनीस म्हणून तिथेच राहिले. घरातून निघताना ती आत्या असे, क्लासची पायरी चढली की बाई.

बाईंचा नियम एकच होता. बोटांकडे बघायचं नाही. नव्या मुलाच्या दोन्ही हातांवर ती एक जाडसर पंचा पसरायची आणि म्हणायची, “आता हात तुझे नाहीत, माझे आहेत. डोळे कागदावर.” परीक्षेत कोणी मान खाली घातली की तिथेच त्याचा कागद काढून घ्यायची. मालकांच्या सख्ख्या मेहुण्याचाही तिने असाच काढून घेतला होता. मालक रदबदली करायला आले तेव्हा म्हणाली, “वेग येईल त्याला, पण नजर खाली आहे. तो टायपिस्ट नाही, बटणं शोधणारा आहे.” मेहुण्याने नंतर दुसरा धंदा काढला. त्यात तो चांगला चालला म्हणतात.

त्या वर्षी मालकांनी सांगितलं की टाइपरायटर काढून टाकायचे. पोरं टायपिंगला येईनाशी झाली होती, सगळ्यांना संगणकाची ‘सी’ भाषा शिकायची होती. ‘सी’ म्हणजे काय हे विचारलं तर अर्ध्यांना सांगता आलं नसतं, पण शिकायचं होतं. बाईंना त्यांनी दोन वाटा दिल्या. ‘सी’ची सुरुवात, म्हणजे व्हेरिएबल आणि गणित एवढं शिकून घ्या, मुख्य कचेरीतून एक साहेब येतील, त्यांच्यासमोर प्रोग्रॅम लिहून दाखवा, त्यांना पटलं तर नवशिक्यांची पहिली बॅच तुमची. नाही जमलं तर पुढे काउंटरवर बसा. पगार आहे तोच.

घरी हे सांगताना आत्या शेंगा सोलत होती. बाबा म्हणाले, “ताई, आता कशाला हा खटाटोप? आराम कर की.”

“आराम करायला मी दमलेय कुठे?”

“वन्सं घरी बसल्या तर माझा आराम जाईल,” आई आतून म्हणाली. “माझ्या डब्यांना रोज नव्या जागा मिळतील.”

आत्या हसली. पण दुसऱ्या दिवशी क्लासला चालत जाताना ती मला म्हणाली, “काउंटर वाईट नाही गं. बसून काम, पंखा डोक्यावर. पण समोर कोणी चुकणारं नसेल, तर मी दिवसभर करू काय?”

म्हणून आम्ही दोघी दुपारच्या मोकळ्या वेळात पार्टिशन ओलांडून छोट्या सरांसमोर बसू लागलो. तिला एकटीला लाज वाटत होती, म्हणून मी. माझं शिकणं हे असं, सोबत म्हणून झालेलं.

तर, यंत्राला एक माहीत नव्हता. शेवटी एका दुपारी आत्या सरांना म्हणाली, “तुम्ही लिहा. सावकाश लिहा. मी बघते.” सर दोन बोटांनी टाइप करायचे, हे तिला बघवत नसे, इतके दिवस ते लिहायला लागले की ती मुद्दाम खिडकीकडे तोंड करायची. त्या दिवशी तिने मन घट्ट करून बघितलं. सरांचं बोट ए शोधत गेलं, बरोबरचं चिन्ह शोधत गेलं, मग पार वरच्या डाव्या कोपऱ्यात गेलं.

“थांबा,” आत्या म्हणाली. “तिकडे वर काय आहे?”

“एक आहे.”

“एकाला वेगळं बटण?”

सरांनी तिच्याकडे पाहिलं. “मग एक कशाने काढता तुम्ही?”

आत्याने उजव्या हाताची अनामिका जागच्या जागी खाली टेकवली. पडद्यावर एक उभी रेघ उमटली. ते अक्षर एल होतं. इंग्रजी लिपीतलं धाकटं एल आणि आकडा एक, त्या पडद्यावर जुळ्या भावांसारखे दिसायचे.

सर उठले आणि चपला न घालताच पार्टिशनच्या पलीकडे गेले. त्यांनी एकेका टाइपरायटरवर वाकून पाहिलं. आमच्या जुन्या यंत्रांवर आकड्यांची रांग दोनपासून सुरू व्हायची. एकाला बटणच नव्हतं. एल असताना एकासाठी वेगळं लोखंड कोण घालवणार? आम्ही सगळे आयुष्यभर एलनेच एक काढत आलो होतो. सालं, पत्ते, तारखा, सगळी एलवर चालली होती आणि कोणाचं काही अडलं नव्हतं.

“म्हणजे बाई,” सर परत येऊन म्हणाले, “तुम्ही त्याला ए अधिक एल सांगत होता. ते बिचारं विचारत होतं, एल कोण.”

“मग तसं स्पष्ट विचारायचं,” आत्या म्हणाली. “आणि आम्ही त्याला अडाणी समजत होतो.” मग तिने हळूच मान खाली घातली, कोपऱ्यातलं ते बटण पाहिलं, आणि आपल्याला असं बघताना कोणी पाहिलं तर नाही ना, म्हणून दाराकडे नजर टाकली.

त्यानंतर मात्र गाडी धावायला लागली. व्हेरिएबल म्हणजे एक डबा, त्याला नाव द्यायचं आणि त्यात किंमत ठेवायची, असं सर सांगत. ए बरोबर ए अधिक एक यावर सगळी मुलं अडतात, म्हणतात, हे कसं खरं असेल? आत्या अडली नाही. “आपलं कॅरेज काय करतं? एक अक्षर उमटलं की आहे त्या जागेवरून एक घर पुढे. तेच की हे.” ती अडली ती दुसऱ्याच ठिकाणी.

“सर, डब्यात सात होते. आता आठ झाले. मग सात कुठे गेले?”

“गेले. पुसले गेले.”

“कार्बन ठेवत नाही हे यंत्र?”

“नाही. हवा असेल तर आपणच दुसरा डबा करायचा आणि आधी त्यात उतरवून घ्यायचं.”

इतकं चांगलं यंत्र आणि कालचं काही जपून ठेवत नाही, याचं आत्याला मनापासून वाईट वाटलं असावं. तिने त्यानंतर लिहिलेल्या प्रत्येक प्रोग्रॅममध्ये ‘जुना’ नावाचा एक जादा डबा असायचा. त्याचा उपयोग कधी व्हायचा, कधी नाही.

साहेबांसमोर दाखवायला तिने स्वतःच विषय निवडला: टायपिंगच्या परीक्षेचा निकाल. एकूण शब्द द्यायचे, चुकलेले द्यायचे, यंत्राने अचूकतेचे टक्के सांगायचे. बरोबर शब्द भागिले एकूण शब्द, गुणिले शंभर. सोपं होतं. तिने चाळीस शब्दांपैकी दोन चुका घालून पाहिल्या. उत्तर आलं शून्य. एक चूक घातली, तरी शून्य. एकही चूक नाही म्हटलं, तर शंभर.

“मला हे यंत्र आवडायला लागलंय,” आत्या म्हणाली. “इतकं कडक तर मीही तपासलं नाही कधी.”

सर हसून हसून बेजार झाले. मग त्यांनी समजावलं, की आपण इंट म्हणजे पूर्णांकाचे डबे घेतलेत. अडतीसला चाळीसने भागलं की एकाच्या आतलं काहीतरी येतं, आणि पूर्णांकाचा डबा अपूर्णांक टाकून देतो. उरलं शून्य. शून्याला शंभराने गुणून काय होणार? दशांश हवे असतील तर फ्लोटचा डबा घ्या.

“दशांश नकोत,” आत्या म्हणाली. “अर्धा शब्द बरोबर आला असं नसतं. शंभराने आधी गुणलं तर?”

आधी गुणलं, मग भागलं. पंच्याण्णव आले. आत्याने पाठ खुर्चीला टेकली. ती पाठ टेकून बसलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

आता अडचण उरली होती ती एका बोटाची. माझं बोट काही दिवसांत वळलं. मी नवखी होते, माझ्या सवयीला मुळं धरायला वेळच मिळाला नव्हता. आत्याची अनामिका ऐकत नव्हती. जेवायला बसली तरी ताटाच्या कडेला डाव्या हाताची करंगळी आपटत बसायची, वर आणि कोपऱ्यात, वर आणि कोपऱ्यात. आई म्हणायची, “वन्सं, ताटाला तार पाठवताय का?” लक्ष देऊन केलं की जमायचं. पण मनात हिशेब चालू असला, की करंगळी उठायच्या आत अनामिका आपलं काम उरकून मोकळी व्हायची आणि यंत्र विचारायचं, एल कोण? शेवटी तिने तोडगा काढला. एक आला की थांबायचं, खाली बघायचं, बटण दाबायचं. “तेवढ्यापुरतंच,” ती मला म्हणाली. मी काही विचारलं नव्हतं.

साहेब आले ते एका सकाळी, सर्दी घेऊन. सौम्य माणूस होता. थंड खोलीत शिरताच त्यांनी रुमाल काढला आणि तो शेवटपर्यंत हातातच ठेवला. मालक, छोटे सर आणि मी भिंतीला टेकून उभे राहिलो. पलीकडे टाइपरायटरांची शेवटची बॅच चालू होती.

आत्या सुंदर बोलली. डबा म्हणजे काय, नाव का द्यायचं, आत काही न ठेवताच डबा वापरला तर आधीचा कचरा कसा मिळतो, हे तिने असं सांगितलं की साहेब मान डोलवायला लागले. मग ती लिहू लागली. तिची बोटं चालू लागली की बघत राहावं असं वाटायचं. मनगटं स्थिर, नजर समोर, आणि अक्षरं पडद्यावर आपणहून आल्यासारखी. साहेबांनी नाक पुसायचं थांबवलं. बरोबर गुणिले, इथपर्यंत ती आली आणि थांबली. शंभरातला एक.

तिने खाली पाहिलं. करंगळी कोपऱ्यात नेली, बटण दाबलं. पण एकदा खाली गेलेली नजर वर यायला तयार होईना. तिला शून्याचीही खात्री वाटेना, मग भागाकाराच्या चिन्हाची, मग साध्या अक्षरांचीही. उरलेला सगळा प्रोग्रॅम तिने खाली बघत, एकेक बटण हुडकत लिहिला. मी तिच्या मानेकडे बघत होते. इतकी वाकलेली मी ती कधी पाहिली नव्हती.

प्रोग्रॅम चालला. अडतीस शब्द बरोबर, पंच्याण्णव टक्के. एकही चूक नव्हती.

मालकांच्या टेबलाशी चहा झाला. साहेब म्हणाले, “बाईंचं डोकं चांगलं आहे. समजावतात छान. पण कीबोर्ड बघून टाइप करतात हो. पुढे बसलेली पोरं काय म्हणतील? आधी त्यांनी थोडं टायपिंग शिकून घेतलं असतं तर बरं झालं असतं.”

पलीकडचा खडखडाट तेवढा ऐकू येत होता. मालक कपाच्या बुडाशी काहीतरी शोधत होते. छोटे सर म्हणाले, “साहेब, बाई इथे टायपिंगच्याच...”

“बरोबर आहे साहेबांचं,” आत्या म्हणाली. “नजर खाली गेली माझी. तुमच्या जागी मी असते तर तिथेच थांबवलं असतं. तुम्ही पूर्ण लिहू दिलंत, ते तुमचं मोठेपण.”

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. मी शोधला, पण नव्हता. तिने इतकी वर्षं दुसऱ्यांना लावलेला नियम स्वतःला लावला होता, एवढंच. साहेबांनाही ते कुठेतरी लागलं असावं. त्यांनी विषय बदलावा म्हणून माझ्याकडे बोट केलं. “आणि ही मुलगी कोण?”

“माझी भाची. माझ्याबरोबरच शिकली.”

“तू लिहून दाखवतेस का गं हाच?”

मी आत्याकडे पाहिलं. ती परत संगणकापाशी गेली आणि तिने खुर्ची माझ्यासाठी मागे ओढली. “बस. पाठ ताठ. डोळे समोर,” ती म्हणाली, अगदी तशीच, जशी पहिल्या दिवशीच्या मुलाला म्हणायची. मी लिहिला. कुठेही खाली न बघता.

घरी पोचेपर्यंत ती कुठल्या तरी दुकानाच्या नव्या रंगाबद्दल बोलत होती. आई दारातच होती. “काय झालं, वन्सं?”

“प्रोग्रॅम चालला.”

“आणि बॅच?”

“बॅच हिला.” आत्याने चपला जागेवर नीट ठेवल्या. “तोंडं पाडून बसू नका कोणी. शिकवायला आपल्याच घरातलं माणूस चाललंय, परकं नाही.”

बाबा काही बोलणार होते, आईने त्यांना डोळ्यांनी दटावलं. आत्या हात धुवायला मोरीत गेली तेव्हा मी मागोमाग गेले आणि म्हणाले, मी नाही म्हणून सांगते.

“सांग. मग ते बाहेरून आणतील कोणाला तरी. तो दोन बोटांनी शिकवेल. काउंटरवरून ते बघत बसू मी?”

“पण आत्या, एका बटणासाठी...”

“एका बटणासाठी मीही पोरं परत पाठवली आहेत. त्यांच्याही आत्या असतील की घरी.” तिने नळ बंद केला. “टॉवेल दे.”

टाइपरायटर गेले, पार्टिशन निघालं, खोली एकदम मोठी आणि शांत झाली. आत्या काउंटरवर बसू लागली. नव्या बॅचच्या पावत्या तिनेच फाडल्या. आलेल्या प्रत्येक मुलाची बोटं ती आधी बघायची आणि मग तोंड.

माझ्या पहिल्या तासाला मी घामाने भिजले होते, त्या थंड हवेतही. दारात चपलांचा ढीग होता. त्यात एक जोडी कडेला, एकमेकींना चिकटवून, नीट ठेवलेली. आत पाहिलं तर शेवटच्या खुर्चीवर आत्या. काउंटर तासापुरता छोट्या सरांवर सोपवून आली होती.

मी जवळ गेले. ती हळू आवाजात म्हणाली, “बेरीज-भागाकारापर्यंतच आलेय मी. पुढचं कुठे येतंय? रीतसर नाव घातलंय.” आणि मग आणखी हळू, “वर्गात आत्या म्हणायचं नाही.”

मी परत पुढे आले. हजेरीपट उघडला. तिचं नाव मी जन्मात तोंडाने घेतलं नव्हतं, म्हणून सगळ्यांनाच क्रमांकाने हाका मारल्या. पोरं बसल्या जागेवरून आळसावल्यासारखे हात वर करत होती. शेवटचा क्रमांक आला.

आत्या खुर्ची मागे सारून उठली. पदर सारखा केला, हात बाजूला सोडले आणि सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, “हजर, मॅडम.”

पुढच्या रांगेतली दोन पोरं मागे वळून बघायला लागली, मग त्यांनीही आपले पाय सरळ केले. मी ‘बसा’ म्हणेपर्यंत ती उभीच राहिली.